हात कोणाचा, झोप कोणाची: आबे फारिया आणि संमोहन

प्रश्न असा आहे: पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला, मांडवीच्या काठी, झग्यातला एक पाद्री मागे कलणाऱ्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा आहे. हे आबे फारिया, संमोहनशास्त्राचे आद्य पुरुष, एवढं गोव्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण त्यांच्या हातातून खरंच काही निघत होतं का? संमोहनात माणसाला नेमकं काय होतं? आणि आपली इच्छा नसताना कोणी आपल्याला असं झोपवू शकतो का?

हातातून काहीही निघत नव्हतं. ही गोष्ट ठासून सांगणाऱ्या पहिल्या माणसांत खुद्द फारियाच होते. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला आणि १९४५ साली उभा राहिलेला तो पुतळा शिल्प म्हणून अव्वल आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्यातला तो हातांचा आवेश बघून बघणाऱ्याच्या मनात जे ठसतं, ते फारियांचं मत नव्हे. ते त्यांच्या विरोधकांचं मत.

हे विरोधक म्हणजे मेस्मरचे अनुयायी. फ्रान्त्स मेस्मर हे व्हिएन्नाचे डॉक्टर. विश्वात एक अदृश्य द्रव भरून आहे, तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो आणि चुंबकत्व अंगी असलेला वैद्य हात फिरवून तो मोकळा करू शकतो, असा त्यांचा दावा होता. पॅरिसमध्ये त्यांच्याकडे झुंबड उडाली. लोक थरथरायचे, किंचाळायचे, बेशुद्ध पडायचे आणि मग बरं वाटतं म्हणायचे. १७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. त्यांचा एक प्रयोग आजही विद्यार्थ्यांना शिकवावा असा आहे. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडावर मेस्मरच्या शिष्याने चुंबकत्व ‘उतरवलं’. मग १२ वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत फिरवलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडापाशी तो कोसळला. भारलेलं झाड तिथून बरंच लांब, वीसेक फुटांपलीकडे होतं.

समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, सगळी कल्पनाशक्तीची करामत आहे. आणि फाइल बंद केली. खरं तर प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवा होता. नुसत्या कल्पनेने एक धडधाकट मुलगा बेशुद्ध पडत असेल, तर ही कल्पना शरीरावर चालते तरी कशी?

तो प्रश्न हाती घेतला कांदोळीत ३१ मे १७५६ रोजी जन्मलेल्या जुझे कुस्तोदियो द फारिया यांनी. वडील कोलवाळचे. वडिलांबरोबर १७७१ मध्ये लिस्बन, तिथून रोम, १७८० मध्ये पाद्रीपद, १७८८ मध्ये फ्रान्स. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात पोर्तुगीज राजवटीविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीला आला होता आणि बापलेकांकडे संशयाने पाहिलं जात होतं. हा सगळा प्रवास स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे, पण इथे मुद्द्याचं आहे ते ११ ऑगस्ट १८१३. त्या दिवशी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर व्याख्यानं सुरू केली आणि सोबत प्रात्यक्षिकंही.

त्यांची पद्धत नीट बघा. माणसाला आरामशीर बसवायचं. डोळे मिटायला लावायचे, मन गोळा करून फक्त झोपेचा विचार करायला सांगायचं. तो शांत झाला, आता काय होतंय याची वाट बघू लागला, की खड्या आवाजात हुकूम द्यायचा, ‘झोप!’ नाहीच लागली तर दोन-तीनदा पुन्हा. तरीही नाही, तर उघडा तळवा समोर धरून त्याकडे टक लावून बघायला लावायचं आणि तळवा हळूहळू डोळ्यांजवळ आणत न्यायचा. तेवढ्याने पापण्या मिटल्या तर ठीक, नाहीतर कपाळ, टाळू, गुडघे अशा ठिकाणी हलका स्पर्श. याउपर काही झालं नाही तर हा माणूस या कामाला योग्य नाही असं सरळ सांगून टाकायचं. मेस्मरसारख्या लोखंडी कांड्या नाहीत, भारलेलं पाणी नाही, तासतास अंगावरून हात फिरवणं नाही. झोपलेल्याला साध्या पाण्याचा पेला देऊन ही दारू आहे म्हटलं की त्याला दारूची चव लागे. हात हलणार नाही म्हटलं की हात हलत नसे. जाग आल्यावर अमुक करशील म्हटलं तर तो ते करी.

यावरून त्यांनी मांडलेला सिद्धांत असा: कारण झोपवणाऱ्यात नाही, झोपणाऱ्यात आहे. त्याची अपेक्षा, त्याची एकाग्रता आणि त्याचा विश्वास हीच सगळी सामग्री. १८१९ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘मनुष्यस्वभावाचा अभ्यास’ असे शब्द आहेत. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते गेले. तोवर पॅरिसने त्यांची थट्टा करून झाली होती: एका नटाने झोपल्याचं सोंग घेऊन त्यांना भरसभेत उघडं पाडलं आणि १८१६ मध्ये या वेडावर एक प्रहसनही रंगभूमीवर आलं. म्हणजे मेस्मरवाले त्यांना मानत नव्हते, कारण ते द्रव नाकारत होते. धर्मवाले मानत नव्हते, कारण त्यांना यात सैतान दिसत होता. आणि उरलेल्यांना सगळंच ढोंग वाटत होतं.

फारिया सगळीकडे बरोबर होते असंही समजू नका. ज्यांचं रक्त पातळ त्यांना ही झोप लवकर लागते, अशी त्यांची समजूत होती आणि त्यापायी ते रक्त काढण्याचीही शिफारस करत. झोपलेल्याला स्वतःचा आणि इतरांचा आजार आतून दिसतो यावरही त्यांचा विश्वास होता. यातलं काहीच टिकलं नाही. टिकली ती सूचनेची कल्पना. पुढे मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या पुस्तकातून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला, आणि फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी फारियांचं देणं उघडपणे मान्य केलं. नोबेल मिळवणारे पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिश यांनीही १९२५ मध्ये फारियांवर पुस्तक लिहिलं.

हे सगळं वाचून विश्वास बसणार नाही, म्हणून घरीच करून बघा. साधारण २५ सेंटीमीटर दोरा घ्या, टोकाला अंगठी किंवा जड बटण बांधा. कागदावर कपाच्या तोंडाएवढं वर्तुळ काढून त्यात उभी-आडवी फुली मारा. दोऱ्याचं वरचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरा. कोपर टेबलावर टेकवायचं नाही. अंगठी फुलीच्या मध्यावर एखादा सेंटीमीटर वर राहू द्या. आता हात अजिबात हलवू नका. फक्त मनात म्हणा की अंगठी उभ्या रेघेवर पुढे-मागे जातेय. नजर त्या रेघेवरच ठेवा. बहुतेकांची अंगठी मिनिटभरात झुलू लागते. मग मनात वर्तुळ आणा, ती गोल फिरू लागेल. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये याचं विवेचन केलं होतं. त्या लांबीच्या दोऱ्याचा झोका सेकंदाला एक पूर्ण होतो. बोटांची डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक हालचाल त्याच लयीत होत राहिली की झोका वाढत जातो, जसं झोपाळ्यावरच्या मुलाला वेळेवर हलकासा धक्का दिला की पुरतं. हालचाल तुमचीच, पण ‘मी हलवतोय’ ही जाणीव मात्र नाही. डोळे मिटून बघा, झोका मंदावतो, कारण हाताला मिळणारी खबर तुटते. नाहीच हलली अंगठी तर बहुधा दोरा फार आखूड असतो, कोपर टेकलेलं असतं, किंवा तुम्ही ‘बघू कशी हलते ती’ अशा ईर्षेने बसलेले असता.

पाणाड्याच्या हातातली फांदी किंवा तळव्यावरचा नारळ उभा राहतो तोही याच जातीचा प्रकार. पाणाडी खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच फांदी आपोआप वळल्यासारखी वाटते. विहिरीला पाणी लागतं ते मात्र फांदीमुळे नाही. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र, पाऊस मुबलक. किनारपट्टीच्या गावांत खणाल तिथे बहुतेक वेळा पाणी लागतंच.

संमोहन म्हणजे या झोक्याचंच मोठं रूप. ती झोप नव्हेच. मेंदूचा आलेख जाग्या माणसाचा असतो. लक्ष एका ठिकाणी एकवटतं, आजूबाजूचं मागे पडतं, आणि सूचनेप्रमाणे जे घडतं ते ‘मी केलं’ असं न वाटता ‘झालं’ असं वाटतं. ही क्षमता माणसागणिक वेगळी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड या मानसशास्त्रज्ञांनी ती मोजण्याच्या पट्ट्या बनवल्या. १९६२ च्या पट्टीत १२ कसोट्या आहेत. पहिली सोपी: पुढे धरलेला हात जड होऊन खाली येतो का. पुढे अवघड होत जातं: नसलेला डास गुणगुणताना ऐकू येतो का, नाकाखाली अमोनिया धरला तरी वास येत नाही असं होतं का, आणि शेवटी झालेलं सगळं विसरून जाता का. ढोबळमानाने शंभरात दहा-पंधरा जणांना जवळपास सगळं जमतं, तेवढ्याच जणांना जवळपास काहीच जमत नाही, उरलेले मधले. हे गुण आयुष्यभर फारसे बदलत नाहीत. २५ वर्षांनी पुन्हा तपासलेल्यांचे गुण पहिल्याशी चांगलेच जुळले. भोळसटपणाशी, कमी शिक्षणाशी किंवा ‘कमकुवत मना’शी याचा संबंध जोडतात तो चुकीचा. कादंबरी वाचताना हाक ऐकू न येणारी, नाटकात रडणारी माणसं इथे सरस ठरताना दिसतात, पण तेही दर वेळी नाही.

सोंगच असेल ना, ही शंका रास्त आहे. तिला एक चांगलं उत्तर १९९७ मध्ये मिळालं. माँट्रियलच्या संशोधकांनी संमोहित माणसांचा हात ४७ अंशांच्या पाण्यात ठेवला आणि ‘हे कमी त्रासाचं वाटेल’ किंवा ‘जास्त त्रासाचं वाटेल’ अशा सूचना दिल्या. पाणी तेच. पण वेदनेचा त्रास नोंदवणारा मेंदूतला पुढचा सिंग्युलेट पट्टा सूचनेप्रमाणे कमी-जास्त सक्रिय झाला. स्पर्श-वेदना कुठे आणि किती हे नोंदवणारा भाग तेवढा बदलला नाही. ‘दुखतंय पण सोसवतंय’ असं रुग्ण म्हणतात, त्याचा हा मेंदूतला अर्थ.

डिचोली तालुक्यातल्या साळच्या गड्यांबद्दलही इथे विचारलं जातंच. शिगम्यात रात्री गड्यांवर भार येतो, म्हणजे त्यांच्या अंगात येतं, आणि ते काळोखात धावत सुटतात. हे ढोंग की दैवी, एवढे दोनच पर्याय धरून लोक भांडतात. वाद्यांची लय, रात्रभराचं जागरण, गावाची अपेक्षा, लहानपणापासून पाहिलेला नमुना आणि त्या भूमिकेला असलेला मान, हे सगळं एकत्र आलं की हालचाल ‘आपोआप’ झाल्याचा अनुभव येणं माणसाच्या स्वभावातच आहे. असं म्हटल्याने कोणाच्या श्रद्धेची खोडी काढली जात नाही. तो गडी खोटं बोलतोय असा त्याचा अर्थ होत नाही, एवढंच. निखाऱ्यांवरून चालणं मात्र यात मिसळू नका. कोळसा उष्णता सावकाश सोडतो आणि पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून भाजत नाही. रेंगाळलं किंवा निखारा बोटांत अडकला तर कितीही तंद्री असली तरी फोड येतात.

आता इच्छेविरुद्धचा प्रश्न. डोळ्यांत डोळे घालून रस्त्यावर कोणाला गुलाम करता येत नाही. झोपणाऱ्याने साथ दिली नाही तर काही घडत नाही, फारियांचा सिद्धांतच तो. पण इथे एक खोच आहे. १९६५ मध्ये ऑर्न आणि इव्हान्स यांनी संमोहित माणसांना विषारी सापाला हात लावायला, तीव्र आम्लात हात घालायला सांगितलं (इजा होणार नाही अशी गुपचूप व्यवस्था होती), आणि बहुतेकांनी ते केलं. भयंकर, नाही? पण संमोहित नसलेल्या, नुसतं सोंग करायला सांगितलेल्या माणसांनीही तेच केलं. नंतर विचारल्यावर म्हणाले, प्रयोगशाळा आहे, हे लोक आम्हाला मरू थोडेच देतील? म्हणजे माणूस जे करतो ते अधिकारावरच्या विश्वासापोटी. बाजारात गाठून ‘संमोहन करून बांगड्या काढून घेतल्या’ अशा बातम्या येतात, त्यांचं इंगित हेच. पुढे दंगल झालीय, मी साध्या वेशातला पोलीस आहे, दागिने काढून या रुमालात ठेवा: घाई, भीती, पोलिसाचा धाक आणि दुसरा ‘अनोळखी’ साथीदार मुकाट्याने स्वतःची साखळी काढून देताना दिसणं. नंतर लाजेने ‘मला काही कळलंच नाही’ असं तोंडून निघतं. उपाय मंत्र-तंत्राचा नाही. पाय मागे घ्यायचे, मोठ्याने बोलायचं, जवळच्या दुकानात शिरायचं.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो म्हणजे आठवणी. संमोहनाने विसरलेलं सगळं बाहेर येतं हा समज सिनेमाने पसरवला. प्रत्यक्षात आठवणींची संख्या वाढते, खात्रीही वाढते, खरेपणा मात्र वाढत नाही. १९८३ मध्ये लॉरन्स आणि पेरी यांनी २७ जणांना संमोहनात सुचवलं की त्या अमुक रात्री मोठ्या आवाजांनी तुम्हाला जाग आली होती. पुढे १३ जण तसं खरंच घडलं असं मानू लागले. म्हणून हरवलेलं सोनं शोधायला, चोर ओळखायला किंवा ‘मागचा जन्म’ बघायला कोणी संमोहन करतो म्हणाला तर पैसे घरी ठेवा.

उपयोग होतो तो वेदनेत, दंतवैद्याच्या खुर्चीतल्या भीतीत, भाजलेल्याच्या पट्ट्या बदलताना, बाळंतपणात आणि चिडचिड्या आतड्याच्या विकारात (आयबीएस). या शेवटच्या विकारावर मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये चांगला परिणाम दाखवला. तिथे पोटावर हात ठेवून ऊब पसरतेय, आतड्याची लय शांत होतेय, अशा सूचना असतात आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या सात ते बारा बैठका लागतात, रोज घरचा सराव वेगळा. सिगारेट एका बैठकीत सुटेल अशी जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करा. कारण न कळलेलं दुखणं तर कधीच सूचनेने दाबायचं नसतं; अपेंडिक्सची कळ झाकली गेली तर ते जिवावर बेतेल. भास होत असतील, वेड्यासारखे संशय येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

बैठक कशी असावी? पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं बोलणं. भीती कसली, आधी काही आजार, काय आवडतं. हा भाग गाळणारा माणूस कच्चा समजावा. लघवीला जाऊन यायचं, कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, मान आणि गुडघ्यांना आधार, पंख्याचा वारा थेट तोंडावर नको. मग डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडं वर, ब्रेडच्या मापाने २० ते ३८ सेंटीमीटरवर, एखादा बिंदू. वर बघत राहिलं की पापण्या थकतात हे शरीरशास्त्र. ‘पापण्या जड होताहेत’ ही सूचना नेमकी त्या वेळी आली की खरी ठरते. पहिली सूचना खरी ठरली की पुढचीवर विश्वास बसतो. सगळी कारागिरी यातच आहे: जे घडतंच आहे ते आधी म्हणायचं, मग जे घडायला हवं ते त्याला जोडायचं, आणि तेही श्वास सोडतानाच्या लयीत. अजून पापणी फडफडतेय आणि हा म्हणतोय ‘आता डोळे उघडणारच नाहीत’, की डोळे टक्क उघडतात आणि बैठक बारगळते.

मग दहापासून एकपर्यंत मोजत उतरणं. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं वाचणं: ‘तुम्ही समुद्रकिनारी आहात, लाटा येताहेत.’ परदेशातल्या ऑफिसबाबूला बरं वाटेल. ज्या घरातलं माणूस होडीवर गेलेलं परत आलं नाही, त्या बाईला किनारा दाखवाल तर छातीत धडधड सुरू होईल. आधी विचारायचं. कोणाला माडाची सावली आवडते, कोणाला देवळाची तळी. सूचना नकारात नको: ‘दुखणार नाही’ म्हटलं की कानाला ‘दुखणार’ आधी ऐकू येतं. ‘हात गार पाण्यात आहे, बोटं बधिर होताहेत’ हे बरं.

आणि भाषा. माणूस ज्या भाषेत रडतो त्या भाषेत सूचना द्यावी. गोव्यात निवेदन मराठीत किंवा इंग्रजीत चालतं, पण घरी कोकणी बोलणाऱ्याला गाढ अवस्थेत कोकणीतले दोन शब्द जे करतात ते छापील मराठीची दहा वाक्यं करत नाहीत. फारियांबद्दलची जुनी कथा सगळ्यांना माहीत आहे: लिस्बनजवळ राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले, वाचा बसली, तेव्हा व्यासपीठाखालून वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’. भीती पळाली. कथा जशीच्या तशी घडली असो वा नसो, सूचनेचा नमुना म्हणून ती चोख आहे: छोटी, ठोस, डोळ्यांसमोर चित्र उभं करणारी, बापाच्या तोंडची आणि मायबोलीतली.

शेवटी बाहेर आणणं, आणि घाईगर्दीत हेच बिघडतं. दिलेली प्रत्येक तात्पुरती सूचना शब्दांत परत घ्यावी लागते: हात जड केला असेल तर ‘हात पूर्वीसारखा हलका, बोटं हलताहेत’ असं म्हणावंच लागतं, नाहीतर काहींना तासभर हात ओढल्यासारखा वाटतो किंवा डोकं दुखतं. मग एक ते पाच मोजायचं, पाचला डोळे. कोणी नाहीच उघडले तर गदागदा हलवू नका, घाबरूही नका. तंद्रीत कायमचा अडकलेला माणूस कोणी पाहिलेला नाही. बहुतेकदा त्याला तिथे बरं वाटत असतं, एवढंच. हळू आवाजात विचारा, अजून किती वेळ हवा? तो सांगतो. नाही सांगितलं तर साधी झोप लागून आपोआप उठतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं पाणी पीत बसवायचं, नाव-गाव, आजचा वार विचारायचा, आणि मगच स्कूटरची किल्ली हातात द्यायची.